रिव्हर व्ह्यू हवाय? आधी रेषा बघा!

नदीकाठी छोटंसं घर, गॅलरीत झोपाळा, हातात चहा. स्वप्न एकदम झकास! पण नदीपासून किती अंतर सोडायचं, 'सूट' नक्की कशाला मिळते आणि कशाला मिळत नाही, हे बघितलंय का? थेट अहेरीच्या प्राणहिता काठावरून एक रिपोर्ट.

शुक्रवारची संध्याकाळ. कँटीनमध्ये कॉफीचे मग घेऊन आम्ही चौघं बसलो होतो. विषय नेहमीचाच, घर. एकाचा वाकडचा टू बीएचके, दुसरीचं ताम्हिणीकडचं वीकेंड होम. इतक्यात आमच्यातला सगळ्यात गप्प मेंबर म्हणाला, ''माझा प्लॉट नदीला लागून आहे. पाठीमागचं कुंपण ओलांडलं की प्राणहिता.''

सगळे गार! प्राणहिता कुठे आहे हेच दोघांना माहीत नव्हतं.

या मेंबरला आपण 'अहेरीकर' म्हणू. मूळ गाव गडचिरोली जिल्ह्यातलं अहेरी, नोकरी पुण्यात, अकरा वर्षं आयटीत. वडील शिक्षक होते, आता रिटायर्ड. आयुष्य क्वार्टर आणि भाड्याच्या घरात गेलं. आजोबांची लांबुडकी जागा तेवढी हातात आहे आणि तिथं घर बांधायचं हे वडिलांचं एकमेव मागणं. मुलाचं होम लोन मंजुरीच्या टप्प्यावर आलेलं. गावातल्या एका ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरनं नकाशाही काढून दिला होता : व्हरांडा थेट नदीच्या तोंडावर. ''सेटबॅकचं काय?'' या प्रश्नावर त्याचं उत्तर तयार होतं, ''मिळून जाते जी सूट. टेन्शन नका घेऊ.''

टेन्शन घेतलं ते अहेरीकरनं. आणि दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याबरोबर निघालो मीसुद्धा.

नदी दिसते तशी नसते

रेल्वेनं बल्लारशा, तिथून गोंडपिंपरी, आष्टी, आलापल्ली करत अहेरी. रस्ताभर धानाची शेतं, मग सागाचं जंगल. अहेरी म्हणजे जुन्या अहेरी जमीनदारीचं गाव. राजवाडा, दसरा, बाजारात मराठीइतकीच सहज कानावर पडणारी तेलुगू आणि गोंडी. पश्चिमेला प्राणहिता, पलीकडचा काठ तेलंगणाचा. संध्याकाळी सूर्य अक्षरशः दुसऱ्या राज्यात मावळतो.

दिवाळीनंतरची नदी म्हणजे फोटोजेनिक प्रकरण. रुंद वाळू, मधून शांत पाणी, एखादा डोंगा. ही नदी घरात शिरेल असं कुणाला खरंच वाटणार नाही. मलाही वाटलं नाही.

पण जरा नकाशा उघडा. वर्धा आणि वैनगंगा या दोन मोठ्या नद्या चपराळा अभयारण्याजवळ एकत्र येतात, तिथून पुढं नाव प्राणहिता. पैनगंगा त्याआधीच वर्धेत मिसळलेली असते. या सगळ्या कुटुंबाचं पाणलोट क्षेत्र सुमारे 1 लाख 9 हजार चौरस किलोमीटर. म्हणजे गोदावरी खोऱ्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग! मध्य प्रदेशातल्या शिवनीपासून यवतमाळपर्यंत कुठंही धो धो कोसळलं की पाणी शेवटी अहेरीच्या समोरून जाणार. गावात लख्ख ऊन असतानाही पूर येऊ शकतो, तो असा.

2020 च्या ऑगस्टअखेर हेच झालं. मध्य प्रदेशात पाऊस झाला, गोसीखुर्द धरणाचे सगळे 33 दरवाजे उघडावे लागले आणि वैनगंगाकाठची गावं पाण्यात गेली. जुलै 2022 मध्ये दुसरी तऱ्हा. खाली गोदावरीच तुडुंब भरली. भद्राचलमला पातळी 71 फुटांवर गेली, सिरोंचा तालुक्यातल्या गावांतून लोकांना हलवावं लागलं. मोठी नदी भरली की तिला मिळणाऱ्या नदीचं पाणी पुढं सरकत नाही, ते मागं फुगतं. तिकडं भामरागडला पर्लकोटेचं पाणी पुलावरून बाजारपेठेत शिरणं ही जवळजवळ दर पावसाळ्याची बातमी.

निळी आणि लाल

आता मुद्द्यावर येऊ. नदीकाठच्या बांधकामाला आपल्याकडं दोन प्रकारचे ब्रेक आहेत.

पहिला साधा, टेप लावून मोजता येणारा. नदीच्या पाण्याच्या कडेपासून 15 मीटर आत बांधकाम नाही. म्हणजे साधारण चार कार एकामागे एक उभ्या केल्या तर होईल एवढं अंतर.

दुसरा ब्रेक म्हणजे पूररेषा. पाटबंधारे खात्याच्या 1989 च्या परिपत्रकापासून महाराष्ट्रात ही भाषा आहे. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा. (नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट पाणी त्याहून जास्त होत असेल तर तो आकडा धरतात.) आणि 100 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती लाल रेषा. नदीपासून निळीपर्यंतचा पट्टा निषिद्ध. निळी ते लाल हा पट्टा नियंत्रित.

डिसेंबर 2020 मध्ये मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला एकच नियमावली लागू झाली. नाव लांबलचक : एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. सगळे तिला 'यूडीसीपीआर'च म्हणतात. त्यात हे चित्र स्पष्ट आहे. निळ्या रेषेच्या आत घर नाही. बाग, हिरवळ, पार्किंग, ओट्यांचा भाजीबाजार, स्मशानभूमी अशा गोष्टी चालतील. आधीपासून असलेल्या अधिकृत इमारतीच्या पुनर्बांधणीचा मार्ग आहे, पण त्याला पाटबंधारे खात्याचं ना हरकत पत्र लागतं. निळी आणि लाल यांच्या मध्ये घर बांधता येतं, अट एकच : बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे साधारण दीड फूट वर.

ही दीड फुटाची अट ऐकायला किरकोळ वाटते. पण हिशेब करा. तुमची जमीन लाल रेषेच्या पातळीपेक्षा दोन मीटर खाली असेल तर जोतं जमिनीपासून 2.45 मीटर उंच हवं. म्हणजे आठ फूट! खाली स्टिल्ट, वर घर. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी रोजच्या पंधरा-सोळा पायऱ्या. बजेटचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

शंभर वर्षांतून एकदा? मग आपला नंबर कशाला लागतोय!

हे वाक्य मी ट्रेनमध्ये स्वतः म्हणालो होतो. अहेरीकरनं लॅपटॉप उघडून एक्सेल दाखवलं. (आयटीवाला, दुसरं काय करणार!)

25 वर्षांतून एकदा म्हणजे आज आला की पुढची 24 वर्षं सुट्टी, असं नाही. त्याचा अर्थ दर वर्षी 4 टक्के शक्यता. तुमचं होम लोन 20 वर्षांचं असेल तर ईएमआय फेडता फेडता असा पूर निदान एकदा तरी बघायची शक्यता 56 टक्के. नाणं उडवण्यापेक्षा जास्त! आणि 100 वर्षांच्या पुराची? त्याच 20 वर्षांत सुमारे 18 टक्के. दर पाच-सहा घरमालकांत एकाचा नंबर.

तोसुद्धा जुन्या नोंदींवरून. पावसाची तऱ्हा बदलतेय, धरणं-बंधारे वाढतायत. महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्यात ऑगस्ट 2016 मध्ये करार झाला, मग सिरोंचाजवळ गोदावरीवर मेडीगड्डा बॅरेज उभा राहिला. जून 2019 मध्ये उद्घाटन, ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे काही खांब खचले. नदीवर अशी कामं झाली की पाण्याचं वागणंही बदलतं. म्हणून पूररेषेचा नकाशा मागताना तो कोणत्या वर्षीचा आहे, हेही विचारायचं.

चिंचेचं झाड आणि मामाजी

कागदाआधी माणसाला विचारावं. प्लॉटशेजारी राहणारे एक मामाजी. वय सत्तरीपुढं, आयुष्य डोंगा वल्हवण्यात आणि मासे धरण्यात गेलेलं. अहेरीकरनं त्यांना विचारलं, ''मामाजी, मोठा पूर आला तवा पाणी कुठवर होतं जी?''

मामाजी काही बोलले नाहीत. उठले, आमच्या पुढं चालत प्लॉटवर आले आणि चिंचेच्या झाडापाशी थांबले. खोडावर छातीएवढ्या उंचीवर हात ठेवला. ''इथवर. अन् एकदा नाही, दोनदा.''

मी नकाशा काढला. ज्या व्हरांड्यात झोपाळा येणार होता तो चिंचेच्या पलीकडं होता. नदीच्या बाजूला.

अहेरीकरचे वडील सोबत होते. ते नकाशाकडं बघत राहिले. कुणीच काही बोललं नाही. तीस-पस्तीस वर्षं मनात बांधलेला व्हरांडा एका हाताच्या खुणेनं गेला होता.

'सूट' नावाची गोष्ट

आता त्या कॉन्ट्रॅक्टरच्या 'मिळून जाते'चं बघू. अमेरिकेत याला 'व्हेरियन्स' म्हणतात. नियम पाळायला खरीच अडचण असेल, उदाहरणार्थ प्लॉटचा आकारच विचित्र असेल, तर तिथलं स्थानिक बोर्ड सेटबॅकमध्ये सवलत देतं. आपल्याकडंही तशी सोय आहे. इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेला सरकारी मराठीत 'सामासिक अंतर' म्हणतात. स्पष्ट दिसणारी अडचण दाखवता आली तर परवानगी देणारं प्राधिकरण विशेष लेखी परवानगीनं अशा मोजमापांत शिथिलता देऊ शकतं. त्यासाठी अधिमूल्य किंवा इतर अटी लागू शकतात.

पण ही किल्ली सगळ्या कुलपांना लागत नाही. आरोग्य, आग, इमारतीची मजबुती, लोकांची सुरक्षितता यांना धक्का लागेल अशी शिथिलता देता येत नाही. रस्त्याच्या बाजूचं अंतर, एफएसआय आणि पार्किंग यांत सर्वसाधारणपणे सूट नाही. आणि पूररेषा? ती ठरवणार जलसंपदा विभाग. नगरपंचायतीनं मनात आणलं तरी ती रेषा सरकत नाही.

थोडक्यात, शेजाऱ्याच्या भिंतीपासून अर्धा मीटर कमी सोडू का, हे विचारता येतं. नदीपासून कमी सोडू का, हे विचारून उपयोग नाही. शेजारी ऐकेल, नदी ऐकणार नाही.

चिखलीचे 36 बंगले

'एकदा बांधलं की कोण पाडतंय' या लाइनवर तुमचा विश्वास असेल तर पुण्याशेजारचंच उदाहरण घ्या. पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत 36 बंगले उभे होते. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढं गेलं. 2024 मध्ये लवादानं पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयात तो टिकला आणि 17 मे 2025 ला महापालिकेनं सगळे बंगले जमीनदोस्त केले. त्यात राहणाऱ्यांकडं खरेदीखतं होती. पण खरेदीखत म्हणजे मालकीचा व्यवहार, बांधकाम परवानगी नव्हे. हा फरक किती महाग पडतो, ते त्या दिवशी टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं.

आणि पाडकामातून वाचलेल्यांनी खूश व्हायचं कारण नाही. 25 जुलै 2024 ची पहाट सिंहगड रोडच्या एकतानगरीला विचारा. खडकवासल्यातून पाणी सुटलं आणि पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या.

अहेरीकरनं शेवटी काय केलं?

तीन दिवस आम्ही कागद घेऊन फिरलो. मोजणीची नक्कल काढली. एका सर्व्हेअरकडून प्लॉटच्या लेव्हल घेतल्या, समुद्रसपाटीच्या हिशेबात. कारण पूररेषेची पातळी त्याच हिशेबात असते आणि 'रस्त्यापासून चार फूट खाली' या भाषेत दोन्हींची तुलना होत नाही. जलसंपदा विभागाकडं पूररेषेच्या माहितीसाठी लेखी अर्ज दिला, पोच घेतली.

मग प्लॉटकडं पुन्हा बघितलं. जागा नरसाळ्यासारखी : रस्त्याकडं 9 मीटर रुंद, नदीकडं 16. म्हणून तर कॉन्ट्रॅक्टरनं घर नदीकडं ढकललं होतं, तिथं जागा ऐसपैस! रस्त्याकडं घर घ्यायचं तर दोन्ही बाजूंची सामासिक अंतरं सोडून मध्ये उरतो तो बोळच.

आणि इथंच सगळं उलटं फिरलं. सूट मागायचीच, पण नदीकडची नाही. बाजूच्या सामासिक अंतराची! प्लॉटचा विचित्र आकार ही अडचण कुणालाही नकाशावर दिसते. नदीपासून लांब जाण्यासाठी शेजाऱ्याच्या बाजूला थोडी सवलत, म्हणजे सुरक्षिततेच्या विरोधात नाही, सुरक्षिततेसाठी. शिवाय नियमावलीनुसार जमीन रहिवासी वापराची असेल तर पूररेषेतल्या भागाचा एफएसआय उरलेल्या जागेवर वापरता येऊ शकतो. म्हणजे नदीकडची जागा 'वाया' जात नाही.

नवा नकाशा असा : घर रस्त्याकडं, उंच जोत्यावर, दोन मजली, वर पश्चिमेला गॅलरी. चिंचेपासून नदीपर्यंत सगळी सांदवाडी. वांगी, वाल, आंब्याची चार झाडं. पुरात गेलं तर भाजी जाईल, घर नाही.

बँकेचं लोन पुढं ढकललंय. सूट मिळेलच याची गॅरंटी नाही, अर्ज अजून टेबलावर आहे. नाही मिळाली तर घर अरुंद होईल, पण नदीकडं सरकणार नाही, एवढं ठरलंय.

सही करण्याआधी हे करा

◆ दोन पावसाळे राहणाऱ्याला विचारा. खरं तर चाळीस पावसाळे बघितलेल्याला. झाड, देवळाची पायरी, शाळेची भिंत, खूण कुठंतरी असतेच. तिची उंची मोजून ठेवा.

◆ पूररेषेची माहिती लेखी घ्या. जलसंपदा विभाग आणि स्थानिक प्राधिकरण, दोघांकडून. एजंटच्या मोबाइलमधला फोटो म्हणजे पुरावा नाही. तुमच्या भागात रेषा आखलेली नसली तरी 15 मीटर सोडायचेच आहेत.

◆ लेव्हल घ्या, मग जोतं ठरवा. नकाशात जोत्याची पातळी आकड्यात लिहून घ्या.

◆ सूट तोंडी नसते. लेखी, अटींसकट आणि बांधकामाआधी. 'नंतर रेग्युलराइज करू' हे वाक्य ऐकलं की चहा संपवून उठा.

◆ जमीन कुणाची ते बघा. अहेरी तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार आदिवासींची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही. 'स्वस्तात नदीकाठ' असेल तर सातबारा आधी वाचा. विदर्भात सातबारावर झुडपी जंगल अशी नोंद दिसली तर थांबाच. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या जमिनींना वनजमीन मानलंय.

◆ विमा वाचा. 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडं 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी मिळते, त्यात पुराचं संरक्षण आहे. पण विमा भिंतीचे पैसे देतो. आजोबांचा फोटो परत देत नाही.

परतायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चिंचेखाली बसलो होतो. पलीकडं सूर्य उतरत होता, एक डोंगा काठाला लागत होता. अहेरीकरला राहवलं नाही. ''बाबा, वाईट वाटतं का? व्हरांडा गेला.''

वडिलांनी थोडा वेळ नदीकडं बघितलं. म्हणाले, ''अरे, मले नदी पाहाची आहे. घरात नाही बोलवाची.'' मग चप्पल सरकवत उठले आणि म्हणाले, ''वरच्या गॅलरीचा कठडा तेवढा कमी उंचीचा ठेवजो. बसल्या जागेवरून पाणी दिसलं पाहिजे.''

अहेरीकरनं मोबाइल काढला आणि नकाशावर नोट टाकली. कठड्याची उंची मात्र नियमात बसेल तेवढीच. त्यात सूट मागायची नाही, असं त्यानं मला हळूच सांगितलं. खुर्चीच जरा उंच घेऊ!